चार मशीन आणि एकही डिस्क नाही

अजित मोहितेला वाडीत सगळे साहेब म्हणतात आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत, हे त्याला पक्कं माहीत आहे. बी.कॉम. झाल्यापासून तो भरतीच्या परीक्षा देत सुटला होता. तलाठी दिली, लिपिक दिली, पोस्टाची दिली, वनखात्याचीसुद्धा दिली, आणि दर वेळी एसटी डोळ्यांदेखत स्टँडवरून सुटावी तशी नोकरी गेली. पुढे वय उलटलं, अर्ज भरायचीच सोय राहिली नाही, आणि साहेब हे नाव तेवढं अंगाला चिकटून राहिलं. आता तो नागावच्या बाजूला एका रिसॉर्टच्या काउंटरवर बसतो. पाहुण्यांची आधार कार्डं स्कॅन करायची, खोलीची चावी द्यायची, आणि गीझर चालत नाही, वायफाय येत नाही, खोलीतून समुद्र दिसत नाही म्हणून येणारी बोलणी हसतमुखानं ऐकून घ्यायची.

आतून मात्र तो हसणारा माणूस नाही. आतून तो सारखा कढत असतो. आणि त्या कढण्याचं मूळ म्हणजे पनवेलचं एक परीक्षा केंद्र. त्याची पहिली कॉम्प्युटरवरची परीक्षा. तोवर त्यानं कॉम्प्युटर पाहिलेला होता तो बँकेच्या काचेपलीकडे. अभ्यास असा केलेला की पुस्तक मिटून पान सांगेल. पेपर सोपा आला. हा पठ्ठ्या उत्तर निवडायचा आणि बाजूच्या आकड्यावर माउस मारून पुढच्या प्रश्नावर जायचा. उत्तर आधी सेव्ह करावं लागतं, नाहीतर ते धरतच नाहीत, हे त्याला अर्ध्याहून जास्त पेपर झाल्यावर शेजारच्या पोरीच्या स्क्रीनवरचे हिरवे ठिपके बघून कळलं. त्याच्या स्क्रीनवर सगळे लाल. येत होतं सगळं, आणि लाल. पुढच्या प्रत्येक परीक्षेत तो प्रश्न वाचायच्या आधी ठिपक्यांचे रंगच तपासत बसला.

म्हणून त्याला अभ्यासिका हवी होती. वाडीत विहाराच्या बाजूला एक पत्र्याची खोली पडून होती, तिथं चार मशीन मांडायची, पोरं-पोरी येऊन बसतील, टायपिंग करतील, सराव परीक्षा देतील, निदान परीक्षेच्या दिवशी माउस बघून कुणाला घाम फुटणार नाही. एवढंच. पण हे एवढंच तो इतकी वर्षं इतक्या जणांना सांगत होता की लोकांनी ऐकायचं सोडून दिलेलं.

मग एप्रिलमध्ये रिसॉर्टवर एक मुंबईचा पाहुणा आला, आणि काउंटरवर बोलता बोलता त्याच्या तोंडून गेलं की आमच्या ऑफिसात जुने कॉम्प्युटर भंगारात काढणार आहेत. अजितनं त्या माणसाचा असा पिच्छा पुरवला की बिचाऱ्यानं शेवटी चार मशीन काढून दिली. मांडव्याला बोटीतून टेम्पो उतरला तेव्हा अजित जेट्टीवर उभा होता, लग्नातल्या वरबापासारखा. पण मशीन आली ती पोटं रिकामी करून. आतल्या हार्ड डिस्क, म्हणजे ज्यात सगळं साठवतात त्या लोखंडी डब्या, कंपनीनं काढून घेतल्या होत्या. त्यातली माहिती पुसल्याशिवाय देता येत नाही म्हणे. पुसून महिन्याभरानं एका खोक्यातून वेगळ्या पाठवल्या. मशीन खोलीत प्लास्टिकखाली राहिली, डिस्कांचं खोकं अजितनं घरी आईच्या ताब्यात दिलं, आणि पाऊस लागला. पावसात खोलीत वीज नव्हती. मीटर यायला डिसेंबर उजाडला.

आणि मीटर आला त्याच आठवड्यात रघूनं घोळ घातला.

रघूचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. त्यानं विहार कमिटीचे अध्यक्ष दादूकाका यांना जाऊन सांगितलं की ती खोली मला खुर्च्या ठेवायला द्या, बदल्यात चौदा एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा, दोन्हीचा मंडप माझ्याकडून फुकट. आता ह्याला कोण नाही म्हणणार? दादूकाका वाईट माणूस नाही, पण त्यालाही वर्गणी मागत दारोदार फिरायचा कंटाळा आलेला. त्यानं अजितला बोलावून सरळ सांगितलं की रविवारी वंदनेनंतर मिटिंग आहे, तोवर मशीन चालू दिसली तर खोली तुझी, नाही दिसली तर खुर्च्या आत. म्हणजे अजितकडे शुक्रवार आणि शनिवार. डिसेंबरातला शुक्रवार-शनिवार, रिसॉर्टला पाय ठेवायला जागा नसते, मॅनेजर सुट्टी देताना असा बघत होता जशी अजितनं त्याची किडनीच मागितली होती.

शुक्रवारी सकाळी सकाळी अजितनं खोकं उचललं, खोलीत गेला, चारही मशीन उघडून डिस्का बसवल्या. डिस्का वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या होत्या, आईनंच गुंडाळलेल्या असणार, आणि हाताला जरा बुळबुळीत लागल्या, पण त्याला वाटलं थंडीचं दव असेल. वायरी खोचल्या, स्क्रू पिळले. चार पेन ड्राइव्हमध्ये त्यानं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायचं सॉफ्टवेअर, भरून आणलेलं होतं. लिनक्स का, तर ते फुकट मिळतं, कुणाचं लायसन लागत नाही, आणि मराठीत चालतं. अलिबागला कॉम्प्युटरचं दुकान असलेला त्याचा वर्गमित्र दिपेश हसला होता, म्हणाला होता हे तुझं काम नाही, माझ्याकडे आण. अजितला तेच नको होतं. त्याला स्वतःच्या हातानं करायचं होतं. एकदा तरी एक गोष्ट मशीनसमोर बसून स्वतःच्या हातानं पुरी करायची होती.

पेन ड्राइव्ह लावला. मशीन घुरघुरलं, छान रंगीत पडदा आला, भाषा विचारली, त्यानं मराठी निवडली, छाती भरून आली. पुढे, पुढे, पुढे. मग आलं ते पान, जिथं ते विचारतं की कुठल्या डिस्कवर टाकू. आणि त्या यादीत डिस्कच नाही. फक्त त्याचाच पेन ड्राइव्ह. म्हणजे पाहुणा जेवायला बसलाय आणि ताट मांडायला घरात पाटच नाही.

त्यानं बंद केलं, चालू केलं. नाही. दुसरं मशीन. नाही. तिसरं. चौथं. चारही ठिकाणी तेच रिकामं पान, आणि खाली एक बारीक ओळ की डिस्क सापडली नाही, तपासून बघा.

आता इथं अजितनं जो विचार केला तो कुणीही शहाण्या माणसानं केला असता. एक मशीन बिघडलं असतं तर डिस्क मेली म्हणता आलं असतं. चारही एकदम, एकाच तऱ्हेनं? चार डिस्का ठरवून एका दिवशी मरत नाहीत. म्हणजे डिस्का चांगल्या आहेत आणि सेटिंग चुकलंय. एवढं नक्की धरून तो कामाला लागला, आणि तिथंच तो फसला.

मोबाइलवर शोधलं तर सल्ल्यांचा पूर. एक म्हणतो बायोसमध्ये जा. बायोस म्हणजे मशीन सुरू होतानाच एक बटण दाबलं की आतलं जे पान उघडतं ते. तिथं डिस्क जोडायची पद्धत बदलायला सांगत होते, रेड नावाची असेल तर काढा आणि एएचसीआय नावाची ठेवा. दुसरा म्हणतो सिक्युअर बूट बंद करा. तिसरा म्हणतो फास्ट बूट. चौथा म्हणतो पेन ड्राइव्हच खराब आहे, पुन्हा भरा. एका फोरमवर, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर, अजितनं धीर करून इंग्रजीत प्रश्न टाकला, दोनदा व्याकरण तपासून, तर कुणीतरी लगेच उत्तर दिलं की हे शंभर वेळा विचारून झालंय, आधी शोधायला शिका. अजितला असं वाटलं की तो माणूस समोर असता तर त्याच्या टाळक्यात कीबोर्ड घातला असता.

बायोसच्या पानावर डिस्कच्या जागी स्पष्ट लिहिलेलं होतं की काही जोडलेलं नाही. त्यानं ते वाचलं. चारही मशीनवर वाचलं. आणि चारही मशीनवर त्याला तेच वाटलं की सेटिंग.

दादूकाकांची सून भावना, ती दर थोड्या वेळानं दारात येऊन जात होती. भावना बी.एस्सी. झालेली, जानेवारीत तिची अंगणवाडी पर्यवेक्षिकेची परीक्षा, तीही कॉम्प्युटरवर, आणि तिनंही आजवर फक्त मोबाइल वापरलेला. ती काही घाई करत नव्हती बिचारी, नुसतं विचारायची, "भावजी, दिसली का?" पण दर वेळी ते ऐकलं की अजितला पनवेलचे लाल ठिपके दिसायचे.

दुपारी जेवून आला. पत्रा असा तापलेला की खोलीत भट्टी. घामानं चिंब होऊन त्यानं पहिल्या मशीनचं सेटिंग शेवटचं म्हणून रेडवरून एएचसीआयवर केलं, सेव्ह केलं, चालू केलं, आणि यादीत डिस्क.

त्यानं स्क्रीनवर बोट ठेवून ते नाव दोनदा वाचलं. मग धावत दुसऱ्या मशीनकडे गेला, तेच सेटिंग, तिथंही डिस्क आली. तिसऱ्यात आली, गेली, परत आली. चौथ्यात नाही आली, पण चौथ्याचं नंतर बघू. त्यानं मोबाइल काढला आणि वाडीच्या ग्रुपवर टाकून दिलं की झालं काम, अभ्यासिका रविवारी सुरू, सगळ्यांनी या. अंगठ्यांचा पाऊस पडला. निळी फुलं, हात जोडलेले, जय भीम, जय भीम. रघूनंही अंगठा टाकला, आणि तो अंगठा बघून अजितला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही.

आता शहाणपण असं सांगत होतं की लगेच बसून इन्स्टॉल करावं. पण त्याच वेळी रिसॉर्टवरून फोन आला, काउंटरवरची पोरगी चक्कर येऊन पडली, दोन बसेस भरून पाहुणे दारात उभे, ये नाहीतर येऊ नकोस कधीच. अजित गेला. त्याला वाटलं, डिस्क दिसतेय ना, मग राहिलंय काय, उद्या सकाळी बसलं की तासाभराचं काम.

शनिवारी सकाळी तो गुणगुणत आला. थंडी छान पडलेली, माडांच्या झावळ्यांतून ऊन अजून उतरलेलं नव्हतं. मशीन चालू केलं, भाषा, पुढे, पुढे, पुढे.

डिस्क नाही.

सेटिंग बघितलं, एएचसीआयच होतं. कुणी हात लावलेला नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात नाही. त्यानं परत रेड केलं, परत एएचसीआय केलं, पन्नास वेळा केलं असेल. एक काळी खिडकी उघडून तिच्यात हुकूम टाइप करून डिस्कांची यादी मागितली, तिथंही फक्त पेन ड्राइव्ह. लिंक डाउन, लिंक डाउन, लिंक डाउन, म्हणजे जोडणीच नाही, ओळीमागून ओळ. कालची दुपार स्वप्नात पाहिली की काय असं त्याला वाटायला लागलं. नसतीच दिसली तर बरं झालं असतं, दिसून गेली ह्याचाच संताप. परीक्षेत आलेलं उत्तर सेव्ह न झाल्यासारखं परत तेच, तेच, आयुष्यभर तेच.

दिपेशला फोन लावला. दिपेश म्हणाला केबल बदल. अजितकडे एक नवी केबल होती, दिपेशनंच दिलेली, ती पहिल्या मशीनला लावून बघितली, काही नाही. मग चारही मशीनच्या वायरी एकमेकांत बदलून बघितल्या. काही नाही. दिपेश म्हणाला, "अरे भाई, चारों के चारों? मग तूच काहीतरी करतोयस. आण इकडे, सोमवारी बघतो." सोमवारी. सोमवारी खोलीत खुर्च्या असतील. अजितनं फोन ठेवला नाही, आपटला.

बाहेर रघूचा टेम्पो येऊन उभा राहिला होता. रघू उतरून खोलीची लांबी पावलांनी मोजत होता, आत डोकावून म्हणाला, "साहेब, काल झालं होतं ना? परत रिझल्ट फिरला का?" अजित पाठ फिरवून मशीनकडे वळला. बोलला असता तर हाणामारी झाली असती.

त्यानं पहिल्या मशीनची डिस्क उपसून बाहेर काढली. का काढली हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं, बहुतेक फेकायलाच. पण बोटांतून ती सटकली आणि खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर पडली. उचलली तर कागदावर डाग. ओला नाही, आरपार दिसणारा डाग, वडे ठेवल्यावर कागदाला पडतो तसा. अजित त्या डागाकडे बघत राहिला. मग त्यानं बोट नाकाला लावलं.

आईच्या डोक्याचा वास. खोबरेल.

त्यानं डिस्क दारातल्या उजेडात नेली. जिथं वायर खोचतात तिथल्या बारीक सोनेरी पट्ट्यांवर पांढरं काहीतरी थिजून बसलेलं, आणि त्याच्या कडेनं हिरवट गंज. थंडीत बाटलीत थिजतं तसं थिजलेलं तेल. काल दुपारी पत्रा तापल्यावर ते वितळलं असणार, पट्ट्या कशाबशा टेकल्या असणार आणि डिस्का दिसल्या असणार. रात्री गारठलं, पुन्हा थिजलं, दिसायच्या बंद झाल्या. त्यात ह्यानं वायरी बदलून बदलून तेल सगळ्या वायरींना पोचवलेलं, दिपेशच्या नव्या केबलीलासुद्धा. सेटिंगचा काही संबंध नव्हता. चार डिस्का एका दिवशी मरत नाहीत हे खरं, पण चार डिस्कांना एका दिवशी एकच हात लागू शकतो, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

तेवढ्यात तो हातच आला, डबा घेऊन. अजितची आई, इंदूबाई. भाकरी, सुकट आणि वर एक कांदा. वाडीत कुणाचीही कुदळ, कोयता, शिलाई मशीन पावसाआधी इंदूबाईच्या हाताखालून गेल्याशिवाय राहत नाही. आगोटीचं, म्हणजे पावसाआधीच्या तयारीचं, तिचं ठरलेलं काम असतं. सुकी मासळी भरायची, लाकडं आत घ्यायची आणि घरातल्या प्रत्येक लोखंडाला चिंधीनं तेल चोळून कागदात गुंडाळून ठेवायचं. समुद्राचं वारं लोखंड खातं. उघडं टाकलेलं कुलूप दिवाळीला उघडत नाही, हे ह्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही माहीत.

"आई, ह्याला तेल लावलंस?"

"व्हय. चारीच्या चारींना. नीट, चिंधीनं."

"कुठं कुठं लावलंस?"

"सगळीकडं. त्या बारीक दातांना पन कापसाची वात करून लावलं. तिथं लवकर गंज धरतो." तिचा आवाज असा की आता शाबासकी मिळेल.

अजितचा तोल गेला. तो जे बोलला ते सगळं सांगण्यासारखं नाही. तुला कुणी सांगितलं होतं, हे काय कोयते आहेत, तुला काय कळतं ह्यातलं, दोन दिवस मी इथं डोकं फोडतोय, रघू बाहेर खोली मोजतोय, माझं एक काम म्हणून धड होऊ देत नाही कुणी. बाहेर रघू टेम्पोला टेकून ऐकत होता, भावना विहाराच्या पायरीवर थिजून उभी. त्याचं संपल्यावर इंदूबाई एवढंच म्हणाली, "लोखंड हाय. मला तू सांभाळ म्हनालास. मी सांभाळलं." आणि डबा टेबलावर ठेवून निघून गेली.

ते ऐकून त्याचा राग उतरायला हवा होता. उतरला नाही. उलट वाढला, कारण ती बरोबर बोलली होती. मे महिन्यात खोकं तिच्या हातात देताना तो हेच म्हणाला होता, सांभाळ. काय आहे, कशाचं आहे, हात लावू नकोस, एक शब्द नाही. साहेबांना घाई होती.

तो तसाच सायकल मारत रेवदंड्याला गेला, मेडिकलमधून स्पिरिट आणि कापूस आणला. भावनानं न विचारता जुना टूथब्रश आणि खोडरबर आणून ठेवले, आणि खाली बसून वायरींची टोकं पुसायला लागली. पट्ट्या पुसायच्या, रबरानं हिरवं खरवडायचं, परत स्पिरिट, परत कापूस. कापूस काळा-हिरवा निघत होता. मध्येच भावना म्हणाली की माझ्या सासूबाईंनी परवा मिक्सरला तेल लावलं, तेव्हापासून त्यातली चटणी खोबऱ्याची लागते. अजितला हसू आलं आणि हसू आल्याचाच त्याला राग आला.

संध्याकाळच्या आत पहिली डिस्क दिसली. गारठा पडायला लागलेला, तरी दिसत राहिली. दुसरी दिसली. तिसरी दिसली. प्रत्येक डिस्कच्या अंगावर एक बारीक भोक असतं, हवा आत-बाहेर व्हायला, शेजारी लिहिलेलं असतं की हे झाकू नका, आणि चौथीत तिथून तेल आत उतरलेलं. ती नुसती टक टक टक करत राहिली, जिभेनं चुकचुकावं तसं. अजितनं तिची वायर काढली.

इन्स्टॉल सुरू केलं. पट्टी अर्ध्यापर्यंत गेली, आणि वाडीची लाइट गेली. तो अंधारात खुर्चीवर बसून राहिला आणि मग एकटाच असं काही बोलला की पायरीवरचं कुत्रं उठून गेलं. लाइट रात्रभर आली नाही.

लाइट रविवारी सकाळी आली, आणि वंदना चालू होती तेव्हा शेजारच्या खोलीत तीन मशीनवर तीन पट्ट्या सरकत होत्या. गाथा म्हणताना अजितचं अर्धं लक्ष पंख्याकडे, पंखा फिरतोय म्हणजे लाइट आहे. मिटिंग सुरू झाली. रघूनं आपलं सांगून टाकलं, मंडप, खुर्च्या, दोन्ही कार्यक्रम, लोकांनी माना डोलावल्या. दादूकाकांनी अजितकडे बघितलं. अजित म्हणाला थोडा वेळ द्या, चालू आहे. कुणीतरी मागून म्हणालं की चालू तर शुक्रवारपासून आहे. हशा पिकला. चहा आला, चहा संपला. बाया उठायच्या बेतात आल्या.

मग भावना दारातून आत आली आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, आलं. मराठीत आलंय." 

सगळे उठून खोलीकडे गेले. तीन पडदे उजळलेले, त्यावर स्वागताचे मराठी शब्द. चौथा काळा. भावना पहिल्यासमोर बसली, माउस धरला, बाण कुठल्या कुठे पळाला, तिनं परत आणला. सराव परीक्षेचं पान उघडलं. अजित तिच्या मागे वाकून एवढंच म्हणाला, "उत्तर निवडलंस की आधी सेव्ह. आकड्यावर जाऊ नकोस. आधी सेव्ह." तिनं दाबलं. ठिपका हिरवा झाला.

दादूकाकांनी विचारलं की चौथ्याचं काय, आणि मुळात बिघडलं होतं काय.

अजितनं तोंड उघडलं आणि त्याची नजर बायांच्या घोळक्यात उभ्या आईवर गेली. कालपासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. भाकरी वाढली होती, बोलली नव्हती. तो म्हणाला, "माझी चूक होती. बसवायच्या आधी बघितलं नाही, पुसलं नाही. चौथी डिस्क त्यात गेली."

"तू कशाला पुसशील," इंदूबाई तिथूनच म्हणाली. "तेल मी लावलेलं. चारींना. माझ्यासमोर माझं झाकू नकोस."

आधी रघूच हसला, मग सगळेच. सोनूबाई, इंदूबाईची शेजारीण, ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली की खोबरेल लावायचंच नव्हतं, थंडीत थिजतं, एरंडेल लावायला हवं होतं. त्यावर दुसरीनं सांगितलं की एरंडेल चिकट, ग्रीस बरं. बायांची त्यावरच जुंपली. अजितला वाटलं आपण भिंतीवर डोकं आपटावं. दादूकाकांना त्या गोंधळात ओरडूनच सांगावं लागलं की खोली अभ्यासिकेची, रघूनं खुर्च्या स्वतःच्या पडवीत ठेवाव्यात, मंडपाचं पुढच्या मिटिंगला बघू. रघू म्हणाला पडवीत म्हशी आहेत. दादूकाका म्हणाले मग म्हशींना बसायला खुर्च्या झाल्या.

लोक पांगले. भावना उठायला तयार नव्हती, तिच्या मागे अजून दोन पोरी रांगेला लागलेल्या. अजित दाराशी पायरीवर बसला. हातांना अजून खोबरेलाचाच वास येत होता. इंदूबाई त्याच्या शेजारून जाताना थांबली. त्याला वाटलं आता काहीतरी गोड बोलेल, किंवा आपण तरी बोलावं.

"आई, काल मी जास्त बोललो."

"बोललास," ती म्हणाली. मग खोलीच्या आत, त्या उजळलेल्या पडद्यांकडे बघत म्हणाली, "एक कर. पुढच्या पावसात ह्यांना घरी आनू नकोस. माझ्या हाताला लोखंड लागलं की मी तेल लावनार."